हसुरामकाका आणि गावाच्या टाचा

हसुरामकाका माणसाचं तोंड बघत नाहीत, टाच बघतात. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा माप ओलांडायला पाय उचलला आणि दारातल्या गर्दीतून आवाज आला, "भेगा हायत. पोर तेल लावत न्हाय." सासूबाईंनी माझा चेहरा नीट पाहायच्या आधी या गृहस्थांनी माझ्या टाचांचा निकाल लावून टाकला होता. मी पनवेलची, ब्युटी पार्लरचा कोर्स केलेली, लग्नाच्या आदल्या दिवशी पाय घासूनपुसून आलेली. तो अपमान मी अजून विसरलेले नाही.

पुढे कळलं की यात माझी काही खास बेइज्जती नव्हती. गावात येणाऱ्या प्रत्येकाला हे सहन करावं लागतं. एकदा निवडणुकीला उभा असलेला एक उमेदवार हात जोडत गल्लीत आला आणि वडीलधारं माणूस दिसलं म्हणून काकांच्या पाया पडायला वाकला. त्याच क्षणी काकाही वाकले, त्याच्या टाचा बघायला. दोघांची डोकी अशी आपटली की कार्यकर्त्यांना घोषणा थांबवावी लागली. उमेदवाराच्या पायात बूट होते. "बूट कार," काका कपाळ चोळत म्हणाले. त्यानं काही काढले नाहीत आणि तो निवडणुकीत पडला. पायमोजे घालून मतं मागायला येणाऱ्याचं दुसरं काय होणार, असं काका आजही सांगतात.

त्यांच्या मुलाचं, नरेशचं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट तर सगळ्या पंचक्रोशीला माहीत आहे. पोहे झाले, चहा झाला, नाव-गाव-शिक्षण विचारून झालं. शेवटी मुलीच्या बापानं विनयानं विचारलं की मुलाच्या वडिलांना काही विचारायचंय का. काका म्हणाले, "पाठमोरी चाल, बाय." मुलीचे मामा उठूनच उभे राहिले. पण मुलगी हसली, पाठमोरी चालली, आणि काकांनी पसंती दिली. सून घरात आल्यावर पहिल्या दिवाळीला तिला साडी मिळाली आणि सोबत कोकमतेलाचा गोळा मिळाला.

हे कोकमतेल म्हणजे काकांचा जीव की प्राण. कोकमाच्या बियांतून ते काढतात, आणि थंड झालं की ते गोठून पिवळट, कडक गोळा होतो. बाकीची माणसं शर्टाच्या खिशात तंबाखूची पुडी ठेवतात, काकांच्या खिशात हा गोळा, बुडाशी काळा पडलेला एक चमचा आणि काडेपेटी. थंडीत ठीक असतं, पण ऊन चढलं की गोळा पाघळतो, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक शर्टाच्या छातीवर पिवळा डाग आहे. सुनेनं तो डाग काढायचा प्रयत्न केला होता. मग तिनं शर्टच पिवळे आणायला सुरुवात केली.

आमच्याकडची थंडी म्हणजे काही मोठी थंडी नव्हे. पण दिवाळी झाली की वारा फिरतो. समुद्राकडून यायचा तो डोंगराकडून यायला लागतो, आणि अंगातली ओल ओढून नेतो. ओठ फुटतात, नडगीवर पांढऱ्या रेघा उठतात, टाचा तडकतात. हाच काकांचा हंगाम. एस.टी.च्या थांब्यावरच्या कट्ट्यावर ते बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय मांडीवर ओढून घ्यायचे. चमच्यात तेलाचा तुकडा, खाली काडी, आणि कढत थेंब थेट भेगेत. माणूस ओरडायचा. एस.टी. आली तरी काका पाय सोडायचे नाहीत.

"वरून लावून काय व्हत न्हाय," हे त्यांचं वाक्य. "आत उतरला पायजे."

त्यांच्याकडे अंगाच्या प्रत्येक भागाला काहीतरी होतं. तोंडाला रात्रीची साय आणि चिमूटभर हळद. ओठ फुटले तर बेंबीत तूप. हाताला खोबरेलात वितळवलेलं मधाच्या पोळ्याचं मेण. आंघोळीआधी तिळाचं तेल, साबणाऐवजी डाळीचं पीठ नि दूध, आणि पाणी कोमटच. कढत पाण्यानं आंघोळ करणाऱ्याशी ते दोन दिवस बोलायचे नाहीत. एका थंडीत त्यांनी शंभर वेळा धुतलेलं तूप करायला घेतलं. तांब्याच्या परातीत तूप घ्यायचं, पाणी घालून तळहातानं घोळायचं, पाणी ओतून द्यायचं, की एक धुणं झालं. असं शंभर वेळा. काका ओटीवर परात घेऊन बसले आणि गावानं ठरवून त्यांना राम राम घालायला सुरुवात केली. प्रत्येक राम रामला आकडा चुकायचा आणि काका पहिल्यापासून मोजायचे. शेवटी ते तूप किती वेळा धुतलं गेलं देव जाणे, पण इतकं मऊ झालं होतं की माझ्या सासूबाईंनी ते चोरून आणून तोंडाला लावलं.

मी पुढच्या खोलीत पार्लर काढलं आणि आमची खडाजंगी सुरू झाली. माझं दार त्यांच्या कट्ट्यासमोर. गिऱ्हाईक बाहेर पडलं की ते टाच बघायचे आणि मान हलवायचे. माझ्या क्रीमच्या डब्यांना ते "वासाचं लोणी" म्हणायचे. एका नवरीला तिच्या हळदीच्या आदल्या दिवशी गाठून त्यांनी तिच्या टाचेत कढत तेल सोडलं आणि पोर लंगडत माझ्याकडे आली. मी बाहेर जाऊन त्यांना जे तोंडाला येईल ते बोलले. ते शांतपणे ऐकत होते, माझ्या पायांकडे बघत. गंमत अशी की चार दिवसांनी त्या नवरीच्या टाचा खरोखर भरून आल्या. मग मीही गुपचूप कोकमतेल आणलं आणि दरपत्रकावर 'हर्बल' शब्द वाढवला. काकांना वासानं कळलं. भांडायला येतील असं वाटलं होतं. ते दारातूनच म्हणाले, नाव काय द्यायचं ते दे, पण गरम टाक.

आता थोडं गावाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. आमचं गाव खाडीच्या काठावर आहे, रेवसपासून फार लांब नाही. पूर्वी गावाभोवती मिठागरंच मिठागरं होती. आता अर्ध्या मिठागरांवर भर टाकून कंटेनरची यार्डं झालीत, उरलेल्यांत तिवरांची झुडपं माजलीत. ज्यांचे बाप मीठ ओढायचे त्यांची पोरं न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतात. नरेशचेही ट्रेलर आहेत. पण काका आणि त्यांची बायको चांगुणाकाकी, दोघांचं अख्खं आयुष्य मिठागरावर गेलं. थंडी सुरू झाली की मिठागराचा चिखल अनवाणी पायांनी तुडवून घट्ट करायचा, आणि मग पाऊस येईपर्यंत खाऱ्या पाण्यात उभं राहून मीठ ओढायचं. गमबूट खूप नंतर आले, तेही मुकादमाला.

मागल्या पावसाळ्यात चांगुणाकाकी मोरीत पडली. खुब्याचं हाड मोडलं. या वयात ऑपरेशन झेपणार नाही, हृदय कमजोर आहे, घरीच सांभाळा, असं डॉक्टरांनी सांगितलं. ती खाटेवर पडली ती उठलीच नाही. दिवाळीनंतर वारा फिरला आणि एका दुपारी हसुरामकाका माझ्या पार्लरच्या दारात चपला काढून उभे राहिले. या पायरीवर ते याआधी कधी चढले नव्हते.

"सूनबाय," ते म्हणाले, "तुजा तो घासायचा दगर हाय ना, तो घेऊन घरा ये."

कोणाचे पाय, असं मी विचारलं. चांगुणाचे, म्हणाले.

मी रोज लोकांचे पाय हातात घेते. त्यात मला काही वाटत नाही. पण चांगुणाकाकीच्या तळव्याला मी नख लावलं तेव्हा करवंटीवर वाजावं तसं वाजलं. कातडं पिवळं-करडं, जाड, त्यात इतक्या खोल भेगा की आत काळं दिसत होतं. गुडघ्यापासून वर बाई मऊ, गोरीगोमटी, खाली भलत्याच कोणाचे पाय लावल्यासारखे. काकी मात्र खुशीत होती.

"बग बाय," ती म्हणाली, "लग्नापासून या बुवाला माज्या तोंडाकरं बगायला येल मिलाला न्हाय."

मी माझ्या पद्धतीनं कामाला लागले. टबात कोमट पाणी घेतलं आणि कोर्समध्ये शिकवलंय तसं त्यात मूठभर मीठ टाकलं. पुढं काय झालं ते मला कळायच्या आत काकांनी टब उचलला आणि सगळं पाणी अंगणात भिरकावलं. माझ्या साडीवर, मांजरावर, वाळत घातलेल्या सुकटीवर.

"जल्मभर घातला तेवरा पुरे न्हाय?" त्यांचा आवाज चिरकला होता.

काकी हसत सुटली आणि हसता हसता तिला धाप लागली. मी नवीन पाणी आणलं. त्या दिवसापासून माझ्या पार्लरमधूनही मिठाची बरणी गेली.

निघताना मी ओटीवर हात पुसत होते तेव्हा काकांनी मला ते सांगितलं. मी विचारलं नव्हतं. त्यांची आई अशाच थंडीत गेली. काका तेव्हा लग्नाच्या वयाचे होते. खाडीच्या काठावर चिता रचली. सगळं जळलं, आणि पाय राहिले. दोन्ही, घोट्यापासून खाली, जसेच्या तसे. हे अंधश्रद्धेचं नाही, मिठागरावरच्या जुन्या माणसांचं असं होतं, माझ्या सासऱ्यांनीही पाहिलंय. वर्षानुवर्षं मीठ बसून पाय असे घट्ट होतात की आग त्यांना घेत नाही. मोठा मुलगा म्हणून काकांच्या हातात म्हाताऱ्यांनी बांबू दिला, पाय निखाऱ्यात ढकल म्हणून. काकांनी ढकलले. ते पुन्हा बाहेर घरंगळले. पुन्हा ढकलले. शेवटी काठावरच्या चिखलात खड्डा करून पुरले. घरी आल्यावर त्यांची आत्या म्हणाली की पाय राहिले की माणूस मिठागरावर परत येतं. पुन्हा तोच चिखल, पुन्हा तेच पाणी.

"माजी आय कुठंतरी मीठ ओरत असंल," काका म्हणाले. "तवा मना काय मायती नव्हता. चांगुनाला मी परत पाठवनार न्हाय."

परत येतं हे काही खरं नसतं, असं सांगायला माझं तोंड उघडलं होतं. मग मी ते मिटलं. त्यांनी माझ्याकडे सल्ला मागितला नव्हता, दगड मागितला होता.

त्या रात्री मी जेवायला बसले. एवढी वर्षं आम्ही ज्याला हसत होतो ते काय होतं ते मला कळलं होतं. माप ओलांडणारी नवरी असो, उमेदवार असो, कट्ट्यावरचा म्हातारा असो, हा माणूस प्रत्येकाची टाच बघून त्याचे पाय जळतील की राहतील याचा अंदाज घेत होता. आणि मग मी उठून, लाज वाटत असूनही, माझ्या टाचांना तेल लावलं.

नरेश वाईट मुलगा नाही. त्याला बापाच्या डोक्यातलं सगळं माहीत होतं. शहरात गॅसची दाहिनी आहे, तिथं काही मागं राहत नाही, वेळ आली तर आईला तिकडे नेऊ, असं त्यानं एकदा चाचरत सुचवलं. काका खरोखर एस.टी. पकडून ती दाहिनी बघून आले. आल्यावर म्हणाले की तिथं दार लावून घेतात. आत काय गेलं आणि काय राहिलं कोण सांगणार? त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं.

मग ती सबंध थंडी आम्ही दोघं त्या पायांवर राबलो. दुपारी गिऱ्हाईक संपलं की मी जायची. कोमट पाण्यात पाय, मग दगड, मग काकांचं कोकमतेल. त्यांनी भेगा वाटून घेतल्या होत्या, उजव्या पायाच्या माझ्या, डाव्याच्या त्यांच्या. तेल जिरलं की वरून एरंडेल, मग केळीचं पान शेकून गुंडाळायचं आणि जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांनी बांधायचं. काकी वरून सूचना द्यायची आणि नवऱ्याची थट्टा करायची. एवढं तेल घालून मला तळून काढणार आहात का, असं विचारायची. तिला सगळं ठाऊक होतं. आपल्या पायांची एवढी बडदास्त कशासाठी चाललीय हे ज्या बाईला माहीत आहे, तिनं असं हसावं हे मला झेपायचं नाही.

संक्रांतीच्या सुमाराला टाचेवरचं एक कवच निघालं आणि खाली गुलाबी कातडी दिसली, नवी. मी तिच्यावरून बोट फिरवलं. काकीनं पाय ओढायचा प्रयत्न केला आणि खिदळली. गुदगुल्या होतात, म्हणाली. त्या पायाला गुदगुल्या होतात हे तिला कधी माहीतच नव्हतं. काका उठले आणि अंगणात जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. बराच वेळ ते आत आले नाहीत.

आत आले तेव्हा काकीनं त्यांना जवळ बसवलं. "आनि समज परत आलीच," ती म्हणाली, "तर मजुरीन म्हनून न्हाय येनार. मालकीन म्हनून येन. मग बग मुकादमाला कशी नाचवते."

काका हसले नाहीत. नाव हसुराम असलं तरी त्यांना हसताना मी पाहिलेलं नाही.

माघात एका सकाळी पेज पिता पिता चांगुणाकाकी गेली. नरेशची बायको धावत मला बोलवायला आली. मी पोचले तेव्हा काका तिच्या पायथ्याशी बसले होते. तोंड त्यांनी बहुतेक तेव्हाही पाहिलं नसावं. टाचा मऊ झाल्या होत्या, पण चवडे, बोटांच्या मागचा भाग, अजून कडक होते. आणखी एक थंडी मिळाली असती तर जमलं असतं.

"चवरे राह्यले," ते मला म्हणाले. जणू आम्ही दोघं कामावर होतो आणि काम अर्धं सुटलं होतं.

तिला आंघोळ घातल्यावर त्यांनी खिशातला गोळा काढला आणि अख्खा तिच्या पायांना लावला. बायका बाजूला झाल्या. कोणी हसलं नाही.

आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. पुढचं मला माझ्या नवऱ्यानं, संदेशनं सांगितलं, मागच्या दारी आंघोळीला बसला होता तेव्हा. काकांना बांधावरच्या दगडावर बसवलं होतं. चिता पेटल्यावर ते आधी टक लावून बघत होते, पण धूर त्यांच्याकडे वळला, डोळे झरायला लागले आणि त्यांना काही दिसेना. ऊन उतरलं तेव्हा बाकी सगळं झालं होतं.

"आणि पाय?" मी विचारलं.

संदेशनं अंगावर तांब्या ओतला, मग दुसरा ओतला. "राहिले," तो म्हणाला.

नरेशनं बांबू घेतला. बराच वेळ प्रयत्न केला. शेवटी दोघा-तिघांनी काकांना दिसू नये असं आड उभं राहून ते पाय काठाच्या चिखलात पुरले, आणि नरेश बापाकडे जाऊन म्हणाला, "बाबा, सगला गेला. पाय तर आधी गेले." जमलेल्या एकूणएक माणसानं मान डोलावली. पाण्याच्या टाकीवरून, मंदिराच्या रंगावरून, स्पीकरच्या आवाजावरून ज्या गावाचं कधी एकमत झालं नाही, ते गाव त्या संध्याकाळी एका खोट्यावर ठाम उभं राहिलं.

दहाव्याला मीही ते खोटं बोलले. काका ओटीवर बसले होते. मी म्हटलं, काका, ऐकलं मी, तुमचं तेल लागू पडलं. त्यांनी मान हलवली.

"तुजा दगर पन," ते म्हणाले.

मला घरी येऊन रडायला आलं, पण बरंही वाटलं. म्हातारा फसला, त्याचं मन शांत झालं, एवढं पुरे, असं मी संदेशला सांगितलं.

त्यानंतर काकांनी टाचा बघणं सोडलं. कट्ट्यावर बसायचे, पण नजर समोर. गावात नवी सून आली, माप ओलांडून झालं, कोणी काही बोललं नाही, आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले. दोघं-तिघं म्हातारे मुद्दाम चपला काढून त्यांच्यासमोरून गेले. उपयोग झाला नाही. त्यांचा खिसा रिकामा होता, फक्त डाग होता.

मग नरेशची बायको मला म्हणाली की बाबा सकाळी उठून कुठंतरी जातात आणि पाय पांढरे करून येतात. चपला घालत नाहीत. टाचांतून रक्त येतं आणि तेल लावू देत नाहीत. तुमचं ऐकतील, तुम्ही बघा.

मी कोकमतेलाचा गोळा, चमचा नि काडेपेटी घेतली आणि बांधावरून निघाले. फार शोधावं लागलं नाही. गावाच्या टोकाला त्यांचं जुनं मिठागर आहे, आता कोणी पिकवत नाही. भरतीचं पाणी त्यात शिरतं आणि सुकतं, कडेला पांढरं उठतं. त्या पाण्यात हसुरामकाका लेंगा गुडघ्यापर्यंत वर करून उभे होते आणि चिखल तुडवत होते. एक पाय, मग दुसरा. वारा डोंगराकडून येत होता, माझे ओठ चरचरत होते.

मी बांधावरून हाक मारली. ते आले, माझ्याशेजारी बसले. त्यांचे पाय मी पहिल्यांदाच जवळून पाहिले. अख्ख्या गावाला तेल लावणाऱ्या या माणसानं स्वतःच्या पायाला कधी थेंब लावला नव्हता, हे मला तेव्हा कळलं. आता तर मीठ भेगांत घुसून कडा पांढऱ्या झाल्या होत्या. मी चमच्यात तुकडा टाकला. त्यांनी माझा हात धरला.

"माजे राहू दे."

"काका, अशानं पाय राहतील तुमचे," मी म्हटलं. माझ्या तोंडून ते कसं निघालं मलाच कळलं नाही.

"राहू दे," ते म्हणाले.

मग ते पाण्याकडे बघत बोलले. "पोरांनी खोटा सांगला. चांगली पोरा हायत." डोळ्यांत धूर होता तरी कान शाबूत होते. बांबू लाकडावर पडला की कसा वाजतो आणि पायावर पडला की कसा, हे त्यांच्याइतकं त्या काठावर कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी तो आवाज आईच्या वेळी स्वतःच्या हातानं काढला होता. दगडावर बसून त्यांनी नरेशचा एकेक फटका ऐकला होता. आणि नरेश येऊन पाय आधी गेले म्हणाला तेव्हा त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता.

मला त्या माणसाचा इतका राग आला, आणि इतकी माया वाटली, की दोन्हींचं काय करावं ते कळेना. मी म्हटलं की काकी परत कुठं येत नाही, ती सुटली, तुम्ही असे पाय का फोडून घेता. म्हणजे इतक्या दिवसांपूर्वी गिळलेलं वाक्य शेवटी मी बोललेच. त्यांनी ते ऐकून घेतलं, काही वर्षांपूर्वी माझ्या शिव्या ऐकल्या होत्या तसं, शांतपणे.

"ती मालकीन व्हनार बोलली हाय," ते म्हणाले. "एवऱ्या मिठागराला मानूस नको?"

वाऱ्यानं पाण्यावर बारीक सुरकुत्या उठत होत्या. लांब यार्डात कंटेनर आपटल्याचा आवाज आला. काका उठायला लागले, परत पाण्यात जायला, आणि उठता उठता त्यांची नजर सवयीनं खाली गेली. माझ्या पायांवर. बांधावरून घाईनं येताना चपलेत माती शिरली होती. कितीतरी दिवसांनी त्यांनी कोणाची तरी टाच पाहिली.

"भेगा हायत," ते म्हणाले. "ता तेल तू लाव. तुजा तितं कोन न्हाय."

मी बांधावर बसून काडी पेटवली आणि लावलं.